गेम खेळून झाला, आता लिहायचं काय?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात, म्हणून बाकीची पुढच्या अंकासाठी ठेवते. ज्यांना गेम जॅम ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते. ठरलेल्या वेळेत, बहुतेकदा ४८ किंवा ७२ तासांत, दिलेल्या विषयावर एक अख्खा गेम बनवायचा, आणि विषय कळणार जॅम सुरू होतानाच. 'लुडम डेअर' २००२ पासून चालू आहे, 'ग्लोबल गेम जॅम' २००९ पासून. ऑनलाइन जॅममध्ये गेम टाकून झाला की बनवणाऱ्यांनीच एकमेकांचे गेम खेळायचे, तारे द्यायचे आणि खाली चार ओळी लिहायच्या, अशी रीत आहे. ही चारही पत्रं त्या ओळींबद्दल आहेत.

प्रश्न : ताई, आम्ही चौघं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहोत, हिंगणा रोडला रूम करून राहतो. पहिल्यांदाच जॅममध्ये उतरलो. गेम टाकला तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. आता दुसऱ्यांच्या गेमवर लिहायचं आहे. पहिल्या दहा गेमवर मी 'मस्त', 'आवडला', 'भारी आर्ट' असंच लिहिलं. अकराव्याला मनातलं लिहिलं : जंप बेकार आहे, दुसरी लेव्हल अशक्य आहे, म्युझिकनं डोकं उठलं. रूममेट म्हणाला, 'काहून लिहून राहिला बे असं? त्यानंबी आपल्यासारखीच रात्र काढली असन.' मी ती कॉमेंट काढून टाकली. मग खरं लिहायचं तरी कसं?
— एक विद्यार्थी, हिंगणा रोड

उत्तर : तुझ्या रूममेटला त्या रात्रीची किंमत कळते, आणि तुला जे खटकलं तेही खरंच आहे. दोन्ही एका कॉमेंटमध्ये मावतं.

मी अकरा वर्षं पुण्यात मोबाइल गेम तपासायचं काम केलं. पहिल्याच महिन्यात एका रिपोर्टात लिहिलं होतं, 'तिसरी लेव्हल कंटाळवाणी'. माझ्या वरच्या बाईंनी त्या ओळीला पेन्सिलीने गोल केला आणि बाजूला एकच शब्द लिहिला : 'कुठे?' मी परत खेळायला बसले. कंटाळा यायचा तो एका पुलावर. पूल ओलांडायला २२ सेकंद लागत आणि तेवढा वेळ हाताला काहीच काम नसे. पुढे तो पूल लहान केला. लेव्हलमध्ये बाकी काही बदलावं लागलं नाही.

'जंप बेकार आहे' हा निकाल झाला. तो वाचून समोरच्याला वाईट वाटेल, पण नेमकं काय बदलायचं ते कळणार नाही. तुझ्या बाबतीत काय घडलं ते सांग. कड्याच्या टोकावर येऊन स्पेस दाबली, बोट वेळेवर पडलं असं तुला वाटलं, तरी बाहुली सरळ खाली गेली, आणि असं चारदा झालं. एवढं वाचलं की बनवणारा थेट कोडच्या त्या ओळीवर जातो. उडीवाले गेम बनवणारे यासाठी एक सवलत ठेवतात, तिला 'कोयोटी टाइम' म्हणतात. पाय कड्यावरून सुटल्यावरही क्षणभर उडी मान्य करायची. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या आणि सहा फ्रेमची मुभा दिली, तर सेकंदाचा दहावा भाग झाला. डोळ्याला ते दिसत नाही, बोटाला मात्र लगेच जाणवतं. कदाचित त्या मुलाला ही युक्ती माहीत नसेल, कदाचित माहीत असून वेळच उरला नसेल. ते तुला ठरवायची गरज नाही. तू घडलेलं सांगितलंस की पुढचं तो बघेल.

दुसरी लेव्हल अशक्य का झाली, याचंही कारण बहुतेक वेळा साधं असतं. त्याने ती बनवताना शेकडो वेळा खेळलेली असते. त्याचा हात तिथे इतका बसलेला असतो की त्याला ती सोपीच वाटते. नवख्याचा हात कुठे अडतो हे सांगणारं त्याच्याकडे त्या पहाटे चार वाजता कुणीही नव्हतं. आता तू आहेस.

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण मी स्वतः त्यातून खूप शिकले. २०२३ च्या जीएमटीके जॅमचा विषय होता भूमिकांची अदलाबदल. माझ्या ओळखीच्या तीन पोरांनी त्यावर मारबतीचा गेम केला. दरवर्षी आपण नागपुरात मारबत, म्हणजे ईडा-पीडा घेऊन जाणाऱ्या बाईचा मोठा पुतळा, काढतो, ओरडत रस्त्याने नेतो आणि शेवटी जाळतो. यांच्या गेममध्ये खेळणारा स्वतःच पिवळी मारबत. इतवारीच्या गल्ल्यांतून जायचं, घराघरातली रोगराई, भांडणं, महागाई काळ्या गोळ्यांच्या रूपात अंगावर घ्यायची आणि नेहरू पुतळ्यापाशी काळी मारबत भेटेपर्यंत पोचायचं. ओझं जेवढं जास्त तेवढी चाल मंद. कल्पना ऐकली तेव्हा अंगावर काटा आला होता.

त्यांना बऱ्याच कॉमेंटी आल्या. 'सुंदर', 'वेगळं काहीतरी', 'ढोलाचा आवाज आवडला'. पोरं खूश होती. मग बाहेरच्या देशातल्या एकाने मोठी कॉमेंट लिहिली. तिचा आशय असा होता : पहिली दोन मिनिटं मी त्या काळ्या गोळ्यांपासून पळत होतो. काळे, धूर सोडणारे, लाल डोळ्यांचे, म्हणून मला ते शत्रू वाटले. चुकून एकाला धडकलो तेव्हा कळलं की ते गोळा करायचे आहेत. पण तो गोळा अंगाला चिकटला आणि ती बाई थोडी वाकली, ते पाहून मला तिची दया आली. मग मी एकही घर सोडलं नाही.

ही कॉमेंट नागपुरातला कुणी लिहूच शकला नसता. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' हे आपण बोलता येत नव्हतं तेव्हापासून ऐकतोय. काळा गोळा दिसला की तो मारबतीने न्यायचा, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. त्या माणसाने 'सुरुवातीला सूचना टाका' असा सल्लाही दिला नाही. उपाय पोरांनीच काढला. गेम सुरू होताच दारात एक आजी येते आणि नातवाच्या अंगावरून उतरवलेला गोळा मारबतीवर टाकते. चार सेकंदांचं दृश्य. एकही अक्षर न लिहिता सगळं समजतं. जॅमनंतरच्या आवृत्तीत त्यांनी ते घातलं, आणि माझ्या मते गेममधला सगळ्यात देखणा भाग तोच आहे.

त्याच गेमची माझी वही माझ्यासमोर आहे. त्यातल्या तीन नोंदी जशाच्या तशा देते. '१:४० – तिसरी गल्ली. हिरवी भिंत दार वाटली, दोनदा आदळले.' '३:०५ – ओझं वाढल्यावर ढोलाचा ठेका मंदावला. हात आपोआप हळू झाला. फार छान!' '४:२० – काळी मारबत दिसली. आता काय करायचं? थांबले. ११ सेकंद काही झालं नाही. मग आपोआप शेवट आला.' मिनिट-सेकंद, जागा, आणि मला काय झालं, एवढंच आहे त्यात. हिरव्या भिंतीचं विचारलं तर कळलं की तिचं चित्र पूर्ण व्हायचं राहिलं होतं आणि तो नुसता भरलेला रंग होता.

दुसरी नोंद मुद्दाम दाखवली. तुझ्या पहिल्या दहा 'मस्त'मध्ये हेच राहून गेलं. कौतुकही नेमकं लागतं, कारण पुढचा गेम करताना काय टिकवायचं हे त्यावरून कळतं. ठेका मंदावतो ही गोष्ट त्या पोरांनी शेवटच्या तासात सहज म्हणून केली होती. माझी नोंद वाचून पुढच्या जॅमला त्यांनी अख्खा गेम आवाजाभोवती रचला.

आता त्या अकराव्या गेमकडे परत जा आणि असं काहीतरी लिहून बघ : 'दुसऱ्या लेव्हलला काट्यांनंतरच्या कड्यावर मी चारदा पडलो. प्रत्येक वेळी स्पेस वेळेवर दाबली असं वाटलं होतं. पाचव्यांदा पार झालो तेव्हा हात वर करून ओरडलो. म्युझिक आठ सेकंदांनी परत सुरुवातीला येतं, पडत राहिलो तेव्हा ते फार जाणवलं, शेवटी आवाज बंद केला. ती बाहुली पडताना टोपी सांभाळते ते फार आवडलं. तिला टोपी का दिली?' काट्याचं आणि टोपीचं मी मनाने घातलंय, तू तुझं घाल. शेवटी एखादा प्रश्न विचार. बनवणाऱ्याला आपल्या गेमबद्दल बोलायचं असतं, आणि त्याच्या उत्तरातून त्याला काय साधायचं होतं ते कळतं.

'आणखी दहा लेव्हल टाका', 'ऑनलाइन चौघांना खेळता आलं पाहिजे' असलं काही लिहू नकोस. ४८ तासांच्या कामाला ४८ तासांच्याच मापाने बघायचं.

पण गेम मुळात चालतच नसेल, तर ते सगळ्यात आधी आणि लगेच लिही. बहुतेक जॅममध्ये रेटिंगच्या काळात नवी भर घालता येत नाही, पण गेम बंद पाडणारी चूक सुधारता येते. तिथे भाषा कोरडी असली तरी चालेल : 'विंडोज ११, क्रोम. तिसऱ्या खोलीत पेटीच्या मागे गेलो की बाहेर येता येत नाही. तीनदा करून पाहिलं, तीनही वेळा अडकलो.' कशावर, कुठे, काय केल्यावर आणि किती वेळा, हे चार तपशील असले की पुरे.

ताऱ्यांबद्दल थोडंसं. लुडम डेअरला मजा, नावीन्य, विषय, चित्रं, आवाज, विनोद, मूड आणि एकूण असे वेगवेगळे तारे असतात. चित्रं आवडली म्हणून सगळीकडे पाच देऊ नकोस. जंप नाही आवडली म्हणून आवाजाचे तारेही कापू नकोस. आणि साधारण २० जणांचं रेटिंग मिळाल्याशिवाय तिथे क्रमांक लागत नाही, म्हणून ज्यांच्याकडे अजून कुणी फिरकलेलं नाही असे गेम शोधून खेळ. चकचकीत चित्राच्या गेमला शंभर जण मिळतात. कोपऱ्यातल्या एखाद्याला तुझी एकट्याचीच कॉमेंट असेल, आणि ती तो दहादा वाचेल.

प्रश्न : माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. सुट्टीत यूट्यूबवर बघून गोडो (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) शिकला आणि एका जॅममध्ये गेम टाकला. त्यावर कुणीतरी लिहिलं, 'कचरा. कंट्रोल फालतू. पाच सेकंदांत बंद केला.' आठ दिवस झाले, त्याने लॅपटॉप उघडला नाही. मी म्हटलं, लक्ष देऊ नको. तो म्हणाला, तुम्हाला यातलं काय कळतं बाबा. मला खरंच यातलं कळत नाही. काय करू?
— एक वडील, मनीषनगर

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. 'लक्ष देऊ नको' हे आपण सगळेच मुलांना म्हणतो, पण त्याचं लक्ष गेलेलं आहे आणि ते त्याला आता काढून घेता येत नाही.

आधी तुम्ही त्याचा गेम खेळा. त्याला विचारून, त्याच्या शेजारी बसून. तुम्हाला त्यातलं कळत नाही हीच इथे तुमची जमेची बाजू आहे, कारण तुम्ही त्याचे पहिले खरे नवखे खेळाडू असाल. चुकत-माकत खेळा आणि जे होतंय ते मोठ्याने बोला : 'हे काय, मी उजवा बाण दाबतोय पण तो जातच नाही.' तुम्हाला पार करून दाखवायचं नाहीये. पाच मिनिटं खेळलात तरी आठ दिवसांत पहिल्यांदा त्याचा गेम कुणीतरी नीट पाहिला असेल.

त्या वाईट कॉमेंटमध्ये एक शब्द कामाचा आहे, तो म्हणजे 'पाच सेकंद'. पाच सेकंदांत कुणाला कंट्रोल फालतू आहेत की चांगले हे कळतच नाही. एवढ्या वेळात बहुतेक वेळा एकच होतं : बटणंच चालत नाहीत. ब्राउझरमध्ये गेम उघडतो, पण त्यावर एकदा क्लिक केल्याशिवाय किबोर्ड गेमला मिळत नाही. खेळणारा बाण दाबतो आणि गेमऐवजी अख्खं पान वर-खाली सरकतं. तो चिडून बंद करतो. तुमच्या मुलाने गेम स्वतःच्या लॅपटॉपवर गोडोमध्येच तपासला असेल तर हे त्याला कधी दिसलंच नसेल. दोघं मिळून दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर, ब्राउझरमध्ये उघडून बघा. तसंच निघालं तर सुरुवातीला 'खेळायला इथे क्लिक करा' असं एक मोठं बटण टाकलं की काम भागतं. आणि 'कचरा' हा शब्द जॅम चालवणाऱ्यांकडे तक्रार म्हणून पाठवा. ती सोय असते आणि ती वापरण्यात कमीपणा नाही.

जॅममधून मोठे झालेले गेम त्याला ठाऊक असतीलच. 'बाबा इज यू' २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये जन्मला आणि २०१९ ला पूर्ण गेम म्हणून आला. 'सेलेस्ट' आधी २०१५ मध्ये चार दिवसांत पिको-८ या छोट्या गेमांसाठीच्या सॉफ्टवेअरवर बनला, मोठा गेम २०१८ ला आला. ही उदाहरणं आत्ता त्याला देऊ नका. जॅममधले बहुतेक गेम दोन दिवसांचेच राहतात आणि तेवढ्यावरही ते चांगले असतात. त्याच्या गेमला आजच काहीतरी थोर व्हायला लावलं तर ओझं वाढेल.

एक गोष्ट मी कुठे लिहिली नव्हती, ती लिहिते. सहा-सात वर्षांपूर्वी मी एका जॅममध्ये घाईघाईने चाळीस गेम खेळले. रात्री उशिरा एका गेमवर लिहिलं, 'यात करण्यासारखं काही नाही.' दुसऱ्या दिवशी तो गेम तिथून काढलेला होता. खाली तो बनवणाऱ्या मुलीची एकच ओळ होती, की आजी गेल्यावर तिच्या रिकाम्या खोलीत नुसतं बसून राहता यावं म्हणून हा केला होता. करण्यासारखं काही नसणं हाच तो गेम होता. मी तिला निरोप पाठवला, उत्तर आलं नाही. 'मी खोलीत चार मिनिटं फिरले, एकही वस्तू उचलता आली नाही, मग थांबले' एवढं लिहिलं असतं तर तेही खरंच होतं, आणि कदाचित तिला तेच ऐकायचं होतं. तेव्हापासून मी एका बसणीला सहापेक्षा जास्त गेम खेळत नाही आणि रात्री अकरानंतर लिहीत नाही.

प्रश्न : मला कोडी जमत नाहीत. गेम अर्धवट सोडला तर त्यावर लिहायचा अधिकार आहे का?
— एक वाचक, गांधीबाग

उत्तर : आहे. कुठे सोडला आणि सोडण्याआधी शेवटचं काय करत होता, हे मात्र लिहा. 'चौथ्या कोड्यावर दहा मिनिटं गेली, आरसा फिरवता येतो हे कळलंच नाही, तिथे थांबलो' ही ओळ बनवणाऱ्याला पूर्ण खेळलेल्या माणसाच्या पाच ताऱ्यांपेक्षा जास्त सांगते. तुम्हाला हा प्रकारच आवडत नसेल तर तेही आधीच लिहा, म्हणजे तो तुमचं बोलणं त्या हिशेबाने वाचेल.

प्रश्न : आम्ही सात-आठ जणी धरमपेठेत एकीच्या घरी जमून एकमेकींचे जॅममधले गेम खेळतो. कॉमेंट लिहायचं जमतं, पण समोरासमोर गाडी बिघडते. एक खेळायला बसली की बनवणारी मागून सांगत राहते, 'अगं तिकडे नाही, इकडे. शिफ्ट दाब.' आणि कुणी काही खटकलं म्हटलं की अर्धा तास स्पष्टीकरण चालतं. मागच्या वेळी दोघी रुसून गेल्या.
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : माझ्याकडेही महिन्याच्या पहिल्या रविवारी खामल्याच्या घरी हेच चालतं. तर्री पोह्याच्या प्लेटा बाजूला सरकवल्या की लॅपटॉप उघडतात. सुरुवातीला आमच्याकडेही अशीच भांडणं झाली. आता आम्ही एक नियम पाळतो : खेळणारी उठेपर्यंत बनवणारीने तोंड उघडायचं नाही. गेम अडकून बंदच पडला तर तेवढ्यापुरतं बोलायचं.

हे फार अवघड जातं. आपण लपवलेल्या किल्लीच्या बाजूने मैत्रीण तीनदा निघून जाते तेव्हा जीव खालीवर होतो. पण घरी बसून खेळणाऱ्याच्या मागे तुम्ही उभ्या नसणार. 'शिफ्ट दाब' असं सांगावं लागलं, म्हणजे शिफ्टचं गेममध्ये कुठे सांगितलेलंच नाही, आणि नेमकी तीच माहिती तुम्ही बोलून घालवली.

खेळणारीला मात्र बोलू द्या, तेही खेळता खेळता. 'हे चमकतंय, घेऊ का?' 'मेले? कशाने?' खेळून झाल्यावर मत विचारलं की ती मैत्री सांभाळून बोलते. हातात गेम असताना सांभाळायला वेळ नसतो. आणि तिच्या तोंडाइतकंच तिच्या हातांकडे बघा. मागच्या महिन्यात एक मुलगी गेम छान आहे म्हणत होती आणि तिचा डावा अंगठा स्पेसबारवर सारखा टकटक करत होता. संवादाच्या चौकटी फार हळू सरकत होत्या आणि त्या पुढे ढकलायची सोय नव्हती. 'छान' तिने मनापासूनच म्हटलं होतं, पण अंगठा कंटाळला होता. बनवणारीने ते पाहिलं आणि वहीत लिहून घेतलं.

ती वही बनवणारीच्याच हातात द्या, हे सांगायचं राहिलं. तिला खेळणारीच्या थोडं मागे, एका बाजूला बसवा, जिथून स्क्रीन आणि हात दोन्ही दिसतील. लिहिण्यात हात गुंतले की स्पष्टीकरण आपोआप कमी होतं. खेळणारी उठली की बनवणारीने आधी तिला तीन प्रश्न विचारायचे : तुला काय करायचं आहे असं वाटलं? कुठे सोडून द्यावंसं वाटलं? कोणती जागा परत खेळशील? त्यानंतरच बनवणारीने आपल्या मनात काय होतं ते सांगायचं, आणि तेव्हा सगळ्यांनी ऐकायचं. रुसलेल्या दोघींना पुढच्या वेळी आधी खेळायला बसवा, त्यांचे गेम नंतर लावा.